येलदरीच्या गाळात दोन दिवस

जिंतूरला डोंगर आहेत, हे परभणीच्या माणसालासुद्धा सांगावं लागतं. आमचा जिल्हा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे गोदाकाठची काळी सपाट जमीन येते, कापूस येतो, ज्वारी येते. पण परभणीहून झरी, बोरी करत जिंतूरच्या वाटेला लागलं की समोर निळसर रेघ दिसू लागते. अजिंठ्याच्या डोंगरांचे पूर्वेकडे उतरत आलेले हे फाटे. सह्याद्रीसारखे कडे नाहीत, धबधबे नाहीत. उन्हाळ्यात तर हे डोंगर भाजलेल्या भाकरीसारखे दिसतात. तरी आमचे आहेत, आणि त्यांच्यातून बैलगाडीच्या इतक्या वाटा गेल्या आहेत की एका माणसाला सगळ्या ठाऊक असणं शक्य नाही.

आमच्या मिस्त्रीला मात्र बऱ्याच ठाऊक आहेत. त्याचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या मागे त्याची लाडकी जुनी जीप उभी असते, महिंद्राची, फोर-बाय-फोर. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा असतो, तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. त्यातच ‘लो’ म्हणून आणखी एक पायरी असते. त्या पायरीवर गाडी माणसाच्या चालीने चालते, पण चढणीला हार जात नाही. मिस्त्रीला या जीपचा अभिमान आहे आणि तिच्या कंपनीचा इतिहास तो गिऱ्हाइकांना चहाबरोबर पाजतो. ही कंपनी १९४५ मध्ये निघाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होतं. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. “एम गेला, एम आला, पाटी तीच राहिली,” असं मिस्त्री म्हणतो आणि स्वतःच हसतो.

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही चौघे निघालो. मिस्त्री, मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर आणि बारा वर्षं आखातात काढून परतलेला आमचा एक बालमित्र. त्याला आम्ही अजूनही दुबईवालाच म्हणतो, जरी तो दुबईत कधी राहिला नाही, होता रियाधला. त्याने नवी कोरी फोर-बाय-फोर गाडी घेतली होती आणि ती अजून डांबरी सोडून कुठे उतरली नव्हती. वाळवंटात आपण वाळूच्या टेकड्यांवर गाडी कशी चालवली, हे तो दर जुम्म्याला सांगत असे. शेवटी मिस्त्री म्हणाला, “चल, आमची माती बघ.”

सहल अशी ठरली. पण माझं त्यात एक वेगळं काम होतं.

माझ्या अम्मीचं माहेर येलदरीच्या पाण्याखाली आहे. पूर्णा नदीवरचं येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं. (ही पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगवून आमच्या जिल्ह्यात गोदावरीला मिळते. तापीला मिळणारी विदर्भातली पूर्णा वेगळी.) सुमारे ५१ मीटर उंच आणि सव्वाचार किलोमीटर लांब असा हा बांध. पायथ्याशी वीजघर आहे, साडेबावीस मेगावॅटचं. परभणी-हिंगोलीची किती तरी शेतं आणि गावं या पाण्यावर उभी आहेत, आमच्या घरच्या नळालाही तेच पाणी. मी हे पाणी लहानपणापासून पितो आहे, आणि त्याखाली अम्मीचं घर आहे हेही लहानपणापासून ऐकतो आहे. दोन्ही गोष्टी एकत्र कधी मनात आल्या नव्हत्या.

नाना पिंजारी होते. गावच्या गाद्या-रजया त्यांनी पिंजलेल्या. अम्मी लहान असतानाच ते तापाने गेले आणि गावच्या कब्रस्तानात दफन झाले. काही वर्षांनी गाव उठलं. पाणी एका रात्रीत आलं नव्हतं, असं अम्मी सांगते. आधी नदी रुंद झाली, मग मळे गेले, मग वेशीपर्यंत आलं. घराचा मोबदला किती मिळाला हे तिला माहीत नाही. तिला आठवतं ते एवढंच, की बैलगाडीत पिंजण आडवी बांधली होती आणि वाटभर तिची तात वाऱ्याने वाजत होती. नानी मुलांना घेऊन जिंतूरला आली. त्यानंतर अम्मी तिकडे कधी गेली नाही. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बहुतेक धरणांत मृतसाठाच उरला होता, तेव्हा कुणीतरी येऊन सांगितलं, जुनी गावं उघडी पडलीत. अम्मी तेव्हा काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. आता गुडघे गेल्यावर, चालणं अंगणापुरतं उरल्यावर, तिने आमचा बेत ऐकला आणि म्हणाली, “तिकडंच चाललास तर बघून ये. मशिदीचा चौथरा होता, त्याच्या पुढं चिंच होती. चिंचेपासून पुढं.” एवढाच पत्ता.

जोहरची नमाज पढून दोनच्या सुमारास निघालो. मे महिन्यात दुपारी दोनला निघणं हा शहाणपणा नव्हे, पण दुबईवाल्याची गाडी थंड हवेची होती आणि मिस्त्रीच्या जीपला छपरापुरती ताडपत्री होती, त्यामुळे शहाणपणाचा प्रश्न निम्म्याच लोकांना पडला. सामान साधं. पंचवीस लिटर पाण्याचे दोन डबे, दोन फळ्या, जाड सुती दोर, फावडं, तांदूळ, मसुराची डाळ, चिंच, तीळ, शेंगदाणे, सतरंज्या. तंबू दुबईवाल्याचा, पण मे महिन्यात तंबूत कोण झोपणार? तो शेवटपर्यंत पिशवीतच राहिला.

गावापासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी लागते. जैनांचं मोठं क्षेत्र. जमिनीखाली दगडातली दालनं आहेत, दारं इतकी ठेंगणी की मोठ्या माणसाला वाकूनच आत शिरावं लागतं. जुन्या काळी जिंतूरला जैनपूर म्हणत, असं जैन मंडळी सांगतात. मास्तर दरवर्षी शाळेची पोरं घेऊन इथे येतात. त्यांनी गाडी थांबवून आम्हाला दालनांतला गारवा घ्यायला लावलं. बाहेर बेचाळीस अंश, आत सावलीतल्या माठासारखं. मग डोंगरवाट सुरू झाली.

डोंगरवाटेचं एक सांगतो. लोकांना वाटतं, अशी गाडी म्हणजे जोर. खरं म्हणजे संथपणा. मिस्त्री उतारावर ब्रेकला पायच लावत नव्हता. लो गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवत होतं. सुट्या दगडांवर ब्रेक दाबला की चाक अडतं आणि गाडी घसरू लागते, तेव्हा दाबायचाच नाही. मागून दुबईवाल्याच्या गाडीचे लाल दिवे सारखे लागताना दिसत होते. वाटेत साग होता, पानं झडलेला, आणि पळस. रोह्यांचा एक कळप ओढ्याच्या कोरड्या पात्रातून आमच्याकडे बघत उभा राहिला आणि आम्ही जवळ गेल्यावरच हलला. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, म्हणून तिथे थांबायचं नव्हतंच. असरच्या आधी शेवटची खिंड ओलांडली आणि समोर पाणी दिसलं.

पाणी म्हणजे लांबवर चकाकणारी पट्टी. तिच्यापर्यंत मैलभर उघडी पडलेली गाळाची जमीन, आणि तिच्यावर जागोजाग हिरवे चौकोन. ही गाळपेर. पाणी ओसरलं की धरणाच्या पोटातली जमीन पाटबंधारे खातं एका हंगामापुरती कसायला देतं. टरबूज, खरबूज, काकडी, उन्हाळी मूग, जे पाणी परत यायच्या आत निघेल ते. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्यातलेच काही लोक दर उन्हाळ्यात तीच जमीन अशी तात्पुरती कसतात. हे मास्तरांनी सांगितलं तेव्हा मला नीट समजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी समजलं.

दुबईवाल्याने ती सपाट, कोरडी, भेगाळलेली जमीन पाहिली आणि त्याला रियाध आठवलं असावं. मिस्त्री “थांब, थांब” म्हणत होता तोवर तो दीडशे पावलं पुढे गेला. मग त्याची गाडी अशी थांबली जशी कुणी खालून धरावी. त्याने रेस दिला. चारही चाकांनी काळा चिखल उडवला आणि गाडी हळूच पोटावर बसली.

धरणाचा गाळ वरून वाळतो, पापुद्रा धरतो, त्याला भेगा पडतात. माणूस चालला तर काही कळत नाही. पण हातभर खाली तो लोण्यासारखा ओला असतो. वाळूची रीत निराळी. वाळूत वेग ठेवला तर गाडी वरून निघून जाते, इथे वेगाने पापुद्रा फुटतो. शिवाय चारही चाकांना जोर असला तरी एक बाजू घसरू लागली की सगळा जोर त्या घसरणाऱ्या चाकातच वाया जातो. दुबईवाला उतरला तो घोट्यापर्यंत आत गेला. एक चप्पल अजून तिथेच आहे.

पुढचे दोन तास मिस्त्रीचे होते. त्याने ओरडाआरडा केला नाही, चिडवलंही नाही, त्यासाठी आयुष्य पडलं होतं. आधी चारही चाकांची हवा निम्म्यावर आणली. हवा कमी केली की चाक पसरतं, जमिनीला जास्त टेकतं आणि वजन वाटलं जातं. मग पोटाखालचा गाळ फावड्याने काढला. जॅक लावला तर जॅकच आत जाऊ लागला, म्हणून त्याखाली फळी घातली. चाकांपुढे पळसाच्या वाळक्या फांद्या आणि दगड. जीप मागे पक्क्या मुरमावर उभी केली आणि दोर बांधला. दोराच्या मध्यावर सतरंजी टाकली. दोर तुटला तर तो चाबकासारखा येतो आणि माणूस जायबंदी करतो, वर वजन असलं की खाली पडतो. बघ्यांना त्याने पन्नास पावलं लांब उभं केलं. बघे म्हणजे मी, मास्तर आणि कुठून तरी आलेली तीन शेळ्या राखणारी पोरं. त्यातलं एक पोरगं म्हणालं, “जिथं बगळा हिंडतो तिथं गाडी घालत नसतात, काका.” रियाधच्या बारा वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या ओढीला गाडी निघाली. सूर्य बुडायला आला होता. आम्ही पाण्यापर्यंत पायी गेलो, वजू केला आणि काठावरच मगरिबची जमात उभी केली. मे महिन्यात आमच्याकडून सूर्य किब्ल्याच्या किंचित उजवीकडे बुडतो, हे मिस्त्रीने दाखवलं. दुबईवाल्याने विचारलं, आपण मुसाफिर आहोत ना, इशाला कसर करायची का? मिस्त्री म्हणाला, कसरला सुमारे सत्त्याहत्तर किलोमीटरचा सफर लागतो, तू वीस किलोमीटर आलास आणि त्यात दीडशे पावलं खाली गेलास. पूर्ण पढ.

अनोळखी रानात रात्र काढायची तर अंधार पडायच्या आत जवळच्या वस्तीवर जाऊन नाव-गाव सांगायचं, हा माझ्या अब्बांचा नियम होता. ते फिरतीची नोकरी करायचे. तीन दाढ्या, दोन गाड्या आणि रात्रीची वेळ असली की आजकाल हा नियम जरा जास्तच पाळावा लागतो. मास्तर म्हणाले, मी जाऊन सांगतो. मी म्हटलं, सगळेच जाऊ.

टरबुजाच्या फडात एक कोपी होती. तिथे सत्तरीपुढचे एक बाबा बाजेवर बसले होते, सून चुलीवर भाकरी थापत होती. मास्तरांनी रामराम घातला, आम्ही गावं सांगितली. बाबांनी आमच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं. “ती गाडी तुमचीच व्हय? मगाधरनं बघतोय.” मग विचारलं, कशापायी आलात? मी अम्मीच्या गावाचं नाव घेतलं.

बाबा जरा वेळ गप्प राहिले. “त्यातलं कोनाचं घर?”

“पिंजाऱ्याचं. त्यांचा मी नातू. मुलीचा मुलगा.”

“पिंजाऱ्याला पोरी दोन. थोरली का धाकटी?”

“धाकटी.”

“धाकटी माझ्या बहिनीसंगं खेळायची,” ते म्हणाले आणि सुनेला आणखी भाकरी टाकायला सांगितलं. आम्ही नको-नको म्हणालो. आमच्याकडे खिचडीचं सामान आहे असं सांगितलं. शेवटी तोड अशी निघाली की खिचडी आणि खट्टा आमचा, भाकरी आणि ठेचा त्यांचा. भोयांकडून आलेला एक रोहूही निघाला, तो मिस्त्रीने तव्यावर तळला. चिंच, तीळ आणि भाजलेल्या मिरचीचा खट्टा बाबांनी दोनदा मागून घेतला. म्हणाले, हा वास मला ठावका हाय, पिंजाऱ्याच्या घरनं यायचा. आता हे खरं की माणूस भल्या मनाने बोलून गेला, मला माहीत नाही. मी ते अम्मीला जसंच्या तसं सांगितलं आहे.

रात्री वारा पाण्यावरून आला तेव्हाच झोप लागण्यासारखं झालं. दक्षिणेला विंचवाची आकडी नीट दिसत होती. जिंतूरच्या गच्चीवरून ती कधी एवढी पूर्ण पाहिली नव्हती.

फजरनंतर बाबा स्वतःच काठी घेऊन आले. म्हणाले, गाडी ऱ्हाऊ द्या, चाला. अर्धा तास चाललो. त्यांच्या पावलावर पाऊल टाकत होतो, कारण जमीन कुठे धरते ते त्यांना माहीत होतं. मग जमिनीत दगडांच्या ओळी दिसू लागल्या. घरांचे पाये. त्यांनी बोट दाखवत नावं घेतली. हे पाटलाचं, हे सोनाराचं, हा आड. आड गाळाने काठोकाठ भरला होता, फक्त गोल राहिला होता, ताटासारखा. मारुतीचा ओटा रिकामा. मूर्ती नव्या गावात नेली. “मारुती उचलून न्येता आला,” बाबा म्हणाले.

मशिदीचा चौथरा मी ओळखला. तीन पायऱ्या, काळा घडीव दगड, वर शंख-शिंपल्यांचा चुरा. त्याच्यापुढे चिंचेचा बुंधा, कमरेएवढा, कोळशासारखा काळा. आणि बुंध्यापासून पुढे गाळपेरीचे चौकोन थांबलेले होते. दोन्ही बाजूंना मूग उगवलेला, मध्ये एक लांबट पट्टी तशीच, भेगाळलेली, रिकामी.

“तितं आमी औत घालत न्हाई,” बाबा म्हणाले. “आमच्या म्हाताऱ्यानं सांगून ठिवलं व्हतं. आता पोरं विच्यारत्यात, येवडी जिमीन का सोडली. सांगतो मंग.”

कबर एकही ओळखू येत नव्हती. पन्नास-पंचावन्न वर्षांत दर पावसाळ्यात गाळाचा एक थर आलेला. नाना त्या पट्टीत कुठे आहेत, हे आता अल्लाहलाच ठाऊक. मिस्त्रीने फातिहा पढली, आम्ही हात उचलले. मास्तर आणि बाबा टोप्या सारख्या करून बाजूला उभे राहिले. मी चिमूटभर माती रुमालात बांधायला वाकलो, तर मिस्त्री हळूच म्हणाला, “ऱ्हाऊ दे रे. दुआ ने.” मी माती सोडली. फोटो मात्र काढले, पुष्कळ काढले.

परतताना दुबईवाल्याने मुकाट्याने जीपच्या चाकोरीत चाक ठेवलं. खिंडीच्या चढणीवर त्याने मिस्त्रीला आपल्या गाडीत बसवून घेतलं आणि लो गिअर कधी टाकायचा ते विचारून घेतलं. बाबांनी दोन टरबुजं दिली होती. पैसे घेतले नाहीत, म्हणून मास्तरांनी नातवाच्या हातात वह्यांसाठी म्हणून काही ठेवले.

अम्मीला काय सांगायचं याचा मी घाटभर विचार करत होतो. कब्रस्तान सापडलं पण कबर सापडली नाही, हे सांगितलं तर तिला काय वाटेल? घरी पोचलो, टरबूज कापलं, आणि सरळ तसंच सांगितलं. तिने चष्मा लावून फोन जवळ धरला. चौथऱ्यापाशी थांबली. बुंध्यापाशी खूप वेळ थांबली. रिकाम्या पट्टीचा फोटो तिला आधी कळला नाही. मी औताचं सांगितलं. तिने बाबांच्या बहिणीचं नाव विचारलं, ते मी विचारायला विसरलो होतो, त्यावरून बोलणी खाल्ली.

मग म्हणाली, “पाणी परत कधी येतं?”

“जुलै-ऑगस्टात. पाऊस झाला तर.”

“आणि पुन्हा जातं कधी?”

“पुढल्या मे महिन्यात.”

तिने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि जीपची पायरी किती उंच असते ते विचारलं.

मी दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो. मिस्त्रीने काही न विचारता टेप काढली, जमिनीपासून माप घेतलं आणि म्हणाला, मध्ये एक पायदान जोडू, आणि धरायला वर एक दांडी. त्यातलं पायदान झालं आहे. दांडीला रंग द्यायचा राहिलाय.